रानाचा काळोख रानालाच राहू द्या

पाऊस सरतो, आभाळ धुऊन निघते आणि शरदाच्या रात्री सुरू होतात, तसे आपल्या किनारपट्टीवरील माणसाला उजेडाचे वेध लागतात. कोजागरीचे दूध, नरकचतुर्दशीची पहाट, दारावरचा आकाशकंदील, तुळशीपुढची पणती आणि शेवटी साखळीजवळ विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीच्या पात्रात सोडलेले दिवे, अशी ही महिन्याभराची माळ असते. पाश्चात्त्य देशांत याच ऋतूत उजेडाचा एक निराळा सोहळा अलीकडे रूढ झाला आहे. त्याची छायाचित्रे परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांकडून घरोघर येऊ लागली आहेत, आणि ती पाहून ‘आपल्याकडे असे का नसावे?’ हा प्रश्नही बैठकीत निघू लागला आहे. त्या प्रश्नाचा विचार वेळीच करावा असे आम्हांस वाटते.

हा सोहळा आहे रानातील दिव्यांचा. स्कॉटलंडमध्ये पिटलॉख्री गावानजीकच्या फास्कली येथील वनात २००२ सालापासून दर शरदात तो भरतो. संध्याकाळ झाली की तिकीट काढून लोक रानवाटेने चालू लागतात. झाडांच्या खोडांवर निळा, जांभळा, तांबूस प्रकाश सोडलेला असतो. तळ्याच्या पाण्यावर रंग खेळत असतात आणि पानांआडून संगीत ऐकू येते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात कोॲटिकूक येथील दरीत २०१४ पासून अशीच एक रात्रवाट आहे, आणि तिच्या यशानंतर जगात अनेक ठिकाणी तशा वाटा निर्माण झाल्या. पाहणारा एखाद्या परीकथेत शिरल्यासारखा हरखून जातो, हे आम्ही नाकारीत नाही. फास्कलीच्या सोहळ्याने पर्यटनाचा हंगाम संपल्यावर त्या लहानशा गावाच्या पदरात चार पैसे टाकले आणि स्थानिक लोकोपयोगी कामांनाही हातभार लावला, हेही त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

मग तेच मोलेमला, नेत्रावळीला किंवा आंबोलीच्या घाटात का करू नये? उत्तर देण्यापूर्वी वाचकांना आम्ही किनाऱ्यापासून बरेच दूर, मुधोळला नेऊ इच्छितो. हे मुधोळ कर्नाटकातील, शिकारी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेले नव्हे. तेलंगणातील आदिलाबाद प्रदेशातले, नांदेडच्या सीमेला लागून असलेले हे मराठी बोलणारे गाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडले आंध्राकडे राहिली. २०१६ मध्ये आदिलाबादचे विभाजन झाल्यावर मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले. शेजारी गोदावरीतीरी बासरचे सरस्वतीचे स्थान आहे, जेथे मुलांच्या हाती पहिली पाटी देण्यासाठी महाराष्ट्रातूनही असंख्य कुटुंबे जातात. या सपाट, काळ्या मातीच्या प्रदेशातून उत्तरेकडे आणि पूर्वेकडे गेले की सागाचे रान सुरू होते, आणि त्या रानात राजगोंडांची गावे आहेत.

दिवाळीच्या सुमारास त्या गावांत दंडारीचा उत्सव असतो. एका गावचे नाचे दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात, यजमान गाव त्यांचे आगतस्वागत करते, ढोल वाजतात, सोयरिकी जुळतात. मोरपिसांचा भव्य मुकुट घातलेला, अंगाला राख फासलेला गुस्साडी नाचू लागला की पाहणाऱ्याचे भान हरपते. या नृत्याचे जाणते गुरू, मारलवाई गावचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. २०२४ मध्ये ते निवर्तले. आपण ज्या अश्विन पौर्णिमेला कोजागरी म्हणून दूध आटवतो, त्याच पौर्णिमेला तेथील गोंड जोडेघाट येथे कोमराम भीम यांचे स्मरण करतात. पाणी, रान आणि जमीन यांवरील आपल्या लोकांच्या हक्कासाठी निजामशाहीविरुद्ध लढताना १९४० साली ते तेथे धारातीर्थी पडले. एकच चंद्र असतो. आपल्या गच्चीवर तो सुखाचा असतो, जोडेघाटला तो एका बलिदानाची आठवण घेऊन उगवतो.

मुधोळच्या वाटेने या रानापर्यंत येण्याचे प्रयोजन एवढेच, की शरदाच्या रात्री रानात उजेड आणि नाद यांचा उत्सव करणे ही काही परदेशातून शिकण्याची गोष्ट नाही. ती आपल्या भूमीत फार पूर्वीपासून आहे. परंतु तिची रीत निराळी आहे. दंडारीचा उत्सव गावाच्या अंगणात होतो. उजेड माणसाबरोबर येतो आणि माणसाबरोबर परत जातो. गावाच्या शिवेपलीकडचे रान आपल्या काळोखात स्वस्थ असते. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? दिवजोत्सवात सुवासिनी हाती दिवज घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालतात. सत्तरीतील अजोबाच्या राईसारख्या देवरायांत मात्र माणूस पाय जपून टाकतो, आवाज खाली आणतो. उत्सव देवळाच्या प्राकारात आणि शांतता राईत, ही वाटणी आपल्या पूर्वजांनी समजून उमजून केली होती.

ही वाटणी केवळ भाविकतेची नाही, तिच्यामागे सृष्टीचा नियम आहे हे आता विज्ञानही सांगते. काजव्याचेच उदाहरण घ्या. पावसाच्या तोंडावर, मे अखेरीस आणि जूनमध्ये, अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा यांसारख्या झाडांवर लक्षावधी काजवे लुकलुकतात. ती लुकलुक म्हणजे नर-मादीचा संवाद होय. नराने खूण करावयाची, मादीने तिला उत्तर द्यावयाचे, आणि तेही थोड्या दिवसांत, कारण प्रौढ काजव्याचे आयुष्य अल्प असते. मोटारीचा झोत किंवा हातातील विजेरी पडली की त्या खुणा पुसट होतात आणि संवाद तुटतो. तेथे गर्दी इतकी लोटू लागली की वनखात्याला वाहनांवर, वेळेवर आणि दिव्यांच्या वापरावर निर्बंध घालणे भाग पडले. काजवे पाहावयास गेलेल्या लोकांमुळेच काजव्यांवर संकट यावे, यापरते दुर्दैव कोणते?

किनाऱ्यावरील वाचकाला तर याहून जवळचा दाखला आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या आपल्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री अंडी घालण्यास येतात. किनारा झगझगीत असला तर मादी वर येण्यास कचरते. अंड्यातून निघालेले पिल्लू क्षितिजाच्या सर्वांत उजळ बाजूकडे धावते. निसर्गाच्या हिशेबात ती बाजू समुद्राची असते. परंतु मागे उपाहारगृहांचे दिवे लखलखत असतील तर पिल्लू उलट दिशेने, कुत्र्याकावळ्यांच्या तोंडी जाते. जी गोष्ट पुळणीची तीच रानाची. रात्री फुलणारी फुले, त्यांवर येणारे पतंग, फळे खाऊन बिया दूरवर टाकणारी वटवाघळे, भक्ष्य शोधणारे घुबड, या सर्वांचा संसार काळोखावर चालतो. झाडावर रंगीत झोत टाकणे म्हणजे कोणाच्या तरी घरात ऐन व्यवहाराच्या वेळी आगंतुकपणे घुसणे होय.

यावर असे म्हटले जाईल की, दिवे सौम्य ठेवता येतील, सोहळा चार आठवड्यांचाच असेल आणि गावातील तरुणांना काम मिळेल. हा युक्तिवाद हेटाळण्याजोगा नाही. बेकार तरुणाला काळोखाचे माहात्म्य सांगून त्याचे पोट भरत नाही. परंतु चार आठवड्यांसाठी म्हणून घातलेल्या तारा, पायवाटा, वाहनतळ आणि खाद्यपदार्थांची दुकाने रानातून सहजासहजी परत जात नाहीत, हा आपला आजवरचा अनुभव आहे. फास्कलीचे वन गावाला लागून आहे. सह्याद्रीच्या रानात वाघ, बिबटे, गवे आणि अस्वले नांदतात. तेथील हिशेब येथे लागू पडणार नाही.

याहून गंभीर प्रश्न न्यायाचा आहे. आदिलाबादचे कवाल रान २०१२ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. अशा प्रकल्पांच्या गाभ्यातील गावांना देशभर सांगितले जाते की वाघाला शांतता हवी, तेव्हा तुम्ही दुसरीकडे वस्ती करा. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहिलेल्या, अंगणातच ढोल वाजवणाऱ्या माणसाला ज्या शांततेच्या नावाने उठवावयाचे, ती शांतता तिकीट काढून आलेल्या शहरवासीयासाठी मोडावयाची, हे कोणत्या न्यायात बसते? दुर्गम वाडीवरील घरात विजेचा दिवा पोहोचलाच पाहिजे. अभ्यास करणाऱ्या मुलाला, बाळंतिणीला, सापाच्या भयाने चाचपडणाऱ्या म्हाताऱ्याला उजेडाचा पहिला हक्क आहे. आमचा विरोध गरजेच्या उजेडाला नाही. निर्मनुष्य रानात नुसत्या मौजेखातर ओतल्या जाणाऱ्या उजेडाला आहे.

मग रात्रीचे रान माणसाने पाहूच नये काय? अवश्य पाहावे, आणि त्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने काळोखी आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता दिली. असा मान मिळवणारे ते भारतातील पहिले उद्यान ठरले. यासाठी वनखात्याने रानात नवे दिवे लावले नाहीत. उलट भोवतालच्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला. गावाला उजेड राहिला आणि आकाशाला काळोख परत मिळाला. तेथे लोक तारे पाहण्यास जातात. शरदाच्या निरभ्र रात्री शर्मिष्ठा, देवयानी, ययाती एकापाठोपाठ वर येतात, पूर्वेकडे कृत्तिकांचा झुबका दिसू लागतो. काळोख पुरेसा दाट असेल तर देवयानीतील सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका नुसत्या डोळ्यांना अंधुक ढगासारखी दिसते. इतक्या लांबून आलेला उजेड फुकट मिळत असता, तो पुसून टाकण्यासाठी विजेचे बिल भरावयाचे यात शहाणपण कोणते?

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावानेही हाच धडा घालून दिला आहे. तेथे २००६ पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या घरचे जेवतात आणि सकाळ-संध्याकाळी कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना मुकाट्याने पाहतात. कासवाची वेळ माणसाने पाळावयाची, हा तेथील दंडक आहे. गावाला रोजगार मिळाला आणि कासवालाही अभय मिळाले.

गोव्याला हे करता येणार नाही काय? मोलेमच्या रानासाठी २०२० साली येथील तरुण-तरुणी रस्त्यावर उतरल्या होत्या, तेव्हा आस्थेची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती धोरणाची. मोलेम, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला या पाचही ठिकाणी, आणि त्यांच्या सीमेलगत, करमणुकीच्या रोषणाईला परवानगी मिळणार नाही असे सरकारने आजच स्पष्ट करावे. रानालगतच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे झाकणीचे आणि खाली पाहणारे असावेत. कासवांच्या पुळणींवर हंगामात दिवे मंद ठेवण्याचा नियम कागदावरून वाळूवर उतरावा. गावातील तरुणांना तारे, पक्षी आणि रातकिडे ओळखण्याचे शिक्षण देऊन लहान गटांचे वाटाडे बनवावे, आणि मिळणारा पैसा गावातच राहावा. दिव्यांचा सोहळा ज्यांना करावयाचाच असेल त्यांच्यासाठी शहरातील उद्याने मोकळी आहेत. तेथे तो खुशाल व्हावा, आम्हीही पाहण्यास जाऊ.

आपल्या आजी-आजोबांची अशी श्रद्धा होती की, रात्री गावाचा राखणदार घुंगुरकाठी आणि पेटती चूड घेऊन शिवेवरून फिरतो. तो दिसला तर वाट सोडून उभे राहावे, त्याला आडवे जाऊ नये, अशी शिकवण असे. कोणी या श्रद्धेला आज हसेलही. परंतु रात्रीच्या रानाची मालकी आपली नव्हे, तेथे आपण पाहुणे आहोत, ही जाणीव त्या शिकवणीत होती. यंदाच्या शरदात ज्याला रानातील उजेड पाहावयाचा असेल त्याने एखाद्या निरभ्र रात्री गावाच्या शिवेपर्यंत जावे, हातातील दिवा विझवावा आणि डोळे काळोखाला सरावेपर्यंत थोडा वेळ उभे राहावे.