आमच्या गावाचा लेख कोण लिहिणार?



डहाणू म्हटले की लोकांना चिकू आणि समुद्रकिनारा आठवतो, आता वाढवण बंदर. तलासरी म्हटले की महामार्ग आणि गुजरातची सीमा. वारली म्हटले की भिंतीवरचे चित्र. या सगळ्यात इथला माणूस कुठे आहे? जगाला आपला तालुका दिसतो तो कुणीतरी लिहिल्याप्रमाणे. तो कुणीतरी आपण का नसावे?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला. पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नव्हती. तेव्हा छापखान्याचे दार बंद होते. आज मराठी विकिपीडियाचे दार २००३ पासून उघडे आहे. ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर तो चालतो, तेही मुक्तस्रोत आहे. लेख लोकच लिहितात, लोकच दुरुस्त करतात. मग आपली पाने रिकामी का?

कारण दार उघडे असले तरी उंबरठा आहे. तिथे प्रत्येक विधानाला प्रकाशित संदर्भ लागतो. आजीने सांगितलेली वेठबिगारीची, लग्नगडीची हकीकत चालत नाही. १९४५ च्या वारली उठावावर लिहिता येते, कारण गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आहे. त्या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. पण १० ऑक्टोबर १९४५ च्या तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी शहीद झाले. त्यांच्या पाड्यांनी, त्यांच्या नातवंडांनी स्वतः लिहून छापलेले किती आहे?

काही मित्र म्हणतात, संदर्भाचा नियम हाच सवर्णांचा डाव आहे. आम्हाला ते पटत नाही. पुरावा मागणे चूक नाही. बाबासाहेबांचे ग्रंथ पुराव्यांनीच भरलेले आहेत. विषमता त्याच्या आधीच घडते: कुणाचे म्हणणे छापले जाते आणि कुणाचे तोंडीच राहते, इथे. म्हणून उपायही तिथेच हवा. आधी नोंदवा, मग छापा. जयंतीची स्मरणिका निघतेच. तिच्यात सत्काराचे फोटो चार कमी करा आणि एका पाड्याचा इतिहास द्या. सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि संमती घ्या. तो मजकूर स्थानिक वृत्तपत्राकडे, अभ्यासकांकडे पोचवा. एका स्मरणिकेने विकिपीडियाचे समाधान होईलच असे नाही, पण छापलेल्या कागदाशिवाय वाद घालायलाही जागा नाही.

दोन गोष्टींचे भान ठेवा.

पहिली, परवान्याचे. विकिपीडियावर टाकलेला मजकूर कुणीही वापरू शकतो, विकूही शकतो. अट एवढीच की श्रेय द्यायचे आणि त्यात भर घालून केलेला मजकूर त्याच अटीवर इतरांना खुला ठेवायचा. एकदा दिलेली ही परवानगी परत घेता येत नाही. गावाचा इतिहास असा खुला होणे चांगलेच. पण वारली कलाकाराचे चित्र, भगताचे औषधी ज्ञान खुले करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? उद्या कंपनीने ते चित्र कपावर छापले तर कलाकाराच्या हाती काय? तो निर्णय त्या कलाकाराचा, त्या समाजाचा.

दुसरी गोष्ट आपल्यासाठीच. आपण बौद्ध कार्यकर्ते शिकलो, लॅपटॉप हाती आला, म्हणून वारली, कातकरी बांधवांच्या वतीने लिहायला बसायचे नाही. आपल्या वतीने इतरांनी लिहिले तेव्हा काय झाले, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. टंकलेखन शिकवू, संदर्भ शोधायला मदत करू, इंटरनेटचा खर्च वाटून घेऊ. लेखणी त्यांच्या हाती असू द्या.

येत्या १० ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक शाखेने एका पाड्याच्या नोंदी पूर्ण कराव्यात. बंदर आणि बुलेट ट्रेनच्या फायलींत आपल्या गावांचे फक्त गट क्रमांक असतात. त्या जमिनीवर कोण राहत होते, कोण लढले, हे आज लिहिले नाही तर उद्या मागण्या करतानाही हाती कागद नसेल.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, आणि लिहा.

जय भीम! जोहार!