शंभरातलं शेवटचं कार्ड

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरातली मुलं ईदी मोजायला बसतात. कुणाला किती मिळाली, कुणी कमी दिली, याचा जाहीर हिशेब होतो. यंदा मोजणी संपल्यावर अकरा वर्षांच्या थोरल्या नातवानं सांगून टाकलं, "दादी, मी क्रिकेटच्या कार्डांचा पूर्ण सेट करणार. शंभरच्या शंभर." सात वर्षांच्या धाकट्यानं लगेच आपल्या नोटा पुढे केल्या. भाई जे करील ते त्याला करायचंच असतं.

घरात दोन मतं पडली. मुलांचे अब्बा म्हणाले, "कागदाच्या तुकड्यांसाठी पैसे उधळायचे?" आम्हाला आमचे दिवस आठवले. काड्यापेटीचे छाप गोळा करण्यासाठी आम्ही भर उन्हात गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. म्हणून म्हटलं, करू द्या, पण हिशेबानं. आणि हिशेब मुलांनीच मांडायचा.

हा छंद असा चालतो. कंपनी खेळाडूंच्या कार्डांचा एक संच काढते. प्रत्येक कार्डावर क्रमांक असतो. कार्डं बंद पाकिटात विकतात आणि आत कुणाचं कार्ड आहे ते पाकीट फोडल्यावरच कळतं. संच शून्यातून जमवायचा म्हणजे पाकिटं घ्यायची, नवी कार्डं लावून ठेवायची, डबल आलेली दोस्तांशी बदलायची आणि यादीतले क्रमांक एकेक करून खोडायचे.

मुलांना वाटलं, पाकिटात पाच कार्डं, संच शंभराचा, म्हणजे वीस पाकिटांत काम झालं! इथेच बहुतेक घरांतली ईदी बुडते.

कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सगळी कार्डं सारख्या संख्येनं छापली आहेत असं धरलं, तरी पहिली पन्नास वेगवेगळी कार्डं मिळायला सरासरी 69 कार्डं घ्यावी लागतात. नव्वदपर्यंत पोचायला 226. पुढची दहाच उरली, पण त्या दहांसाठी आणखी 293 लागतात. एकूण झाली 519 कार्डं, म्हणजे सुमारे 104 पाकिटं. पाकीट वीस रुपयांना धरलं, तर दोन हजारांच्या वर. कारण सोपं आहे. हातात 99 कार्डं असतात तेव्हा प्रत्येक नवं कार्ड आपल्याला हवं तेच असण्याची शक्यता शंभरात एक. बाकी सगळी डबल. एकट्या शेवटच्या कार्डासाठी सरासरी शंभर कार्डं विकत घ्यावी लागतात.

थोरल्यानं आकडे दोनदा तपासले आणि हळूच विचारलं, "मग लोक सेट पूर्ण करतात कसे?"

त्याचं उत्तर आहे अदलाबदल. पाकिटं पहिल्या अर्ध्या संचासाठी, दोस्त पुढच्या भागासाठी, आणि अगदी शेवटची तीन-चार कार्डं सुटी विकत घ्यावीत. जाणते संग्राहक हेच करतात. शेवटच्या कार्डासाठी पाकिटं फोडत बसणारा माणूस संच करत नसतो, नशीब आजमावत असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. बंद पाकीट आणि लॉटरी यांत फरक किती, हा प्रश्न पुष्कळ अम्मी-अब्बांच्या मनात येतो. त्याचा फैसला आम्ही देणार नाही. शंका असेल त्यांनी जाणत्या आलिमांना विचारावं. घरातलं मात्र सांगतो. पाकीट फोडताना मुलाचा हात थरथरू लागला, 'अजून एकच' असं तो म्हणू लागला, की तिथे थांबवावं. आणि कार्डं जमिनीवर आपटून किंवा उडवून 'जिंकेल त्याची' असा खेळ आमच्या घरात चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. तो सरळसरळ जुगार आहे.

या छंदाचं मूळ गाव अमेरिका, आणि तिथला मोठा खेळ बेसबॉल. तिथल्या दोन हकिकती मुलांना सांगितल्या.

पहिली 1933 सालची. बोस्टनची गाउडी नावाची च्युइंगम कंपनी एका सेंटला गम आणि एक कार्ड द्यायची. संच 240 कार्डांचा. मंदीचा काळ, तरी पोरं सेंट-सेंट साठवून जमवत होती. सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं, क्रमांक 106. ते कुणालाच मिळेना. मिळणार कसं? कंपनीनं ते त्या वर्षी काढलंच नव्हतं! संच अपुरा राहिला की पोरं गम घेत राहतील, असा तो डाव होता. शेवटी लोकांनी कंपनीला तक्रारीची पत्रं लिहिली. तेव्हा 1934 मध्ये नॅप लाजॉय या जुन्या खेळाडूचं 106 क्रमांकाचं कार्ड छापून ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना टपालानं पाठवलं. ते पत्राला क्लिपनं अडकवलेलं असे. त्यामुळे आज त्या कार्डाच्या कित्येक प्रतींवर क्लिपचा वळ दिसतो.

दुसरी 1952 सालची. टॉप्स कंपनीचा त्या वर्षीचा संच 407 कार्डांचा होता. तो टप्प्याटप्प्यानं निघाला. 311 पासूनचा शेवटचा टप्पा दुकानांत आला तोवर बेसबॉलचा मोसम सरत आला होता. माल पडून राहिला. अखेर 1960 मध्ये कंपनीनं उरलेली खोकीच्या खोकी बार्जवर लादून समुद्रात बुडवली. त्याच टप्प्यातलं 311 क्रमांकाचं मिकी मँटलचं एक उत्तम राखलेलं कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं.

हे ऐकून थोरल्याचे डोळे चमकले. म्हणून पुढचंही लगेच सांगितलं. 1980 नंतर हीच कार्डं सांभाळून ठेवली तर पैसा होईल या आशेनं अमेरिकेत लोकांनी पेट्याच्या पेट्या भरल्या. कंपन्यांनीही बेसुमार छापली. आज त्यांतल्या बहुतेकांना रद्दीचाच भाव आहे. तेव्हा बेटा, हौस म्हणून जमव, कमाई म्हणून नको.

ज्यांच्या घरी हा छंद आला आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

संच लहान निवडावा. शंभराचा पुरा होतो, पाचशेचा कपाटात अर्धा पडून राहतो. आधी क्रमांकांची यादी वहीत लिहावी. मूळ संच कोणता आणि वरची चमकणारी, सोनेरी, खास कार्डं कोणती, हे वेगळं करावं. त्या खास कार्डांच्या मागे लागलं की संचाला अंत राहत नाही.

डबल कार्डांची दुसरी यादी करावी आणि दोन्ही याद्या जवळ ठेवाव्यात. शाळेत, मोहल्ल्यात, मामूच्या गावी, जिथे मुलं भेटतील तिथे त्या उपयोगी पडतात. चार-पाच मुलांनी मिळून जमवायला घेतलं, तर प्रत्येकाचा खर्च बराच कमी होतो.

कार्डं रबरबँडनं बांधू नयेत, कडा कापल्या जातात. नऊ खिशांची प्लॅस्टिकची पानं मिळतात, त्यांत अडीच बाय साडेतीन इंचांचं नेहमीचं कार्ड नीट बसतं. शंभर कार्डांना अकरा पानं भरतात आणि शेवटचं एक कार्ड बाराव्या पानावर येतं. आपल्याकडे पावसाळ्यात कागद वाकतो आणि बुरशी धरतो, म्हणून फाइल भिंतीला टेकवून ठेवू नये. औषधाच्या डब्यांत येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या त्या कपाटात ठेवाव्यात, फक्त लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

आता मुख्य गोष्ट. पाच-सहा आठवड्यांत थोरल्याकडे 96 कार्डं झाली. राहिलेल्या चारांत एक होतं क्रमांक 64. ते धाकट्याकडे होतं. थोरला त्याला म्हणाला, "हे साधंच आहे, कोपराही दुमडलाय. मला दे, मी तुला दोन चमकणारी देतो." धाकटा खूश झाला. दोन दिवसांनी शेजारच्या मुलानं त्याला सांगितलं, "अरे, 64 तर अख्ख्या गल्लीत कुणाकडे नाही. मी तुला आठ कार्डं दिली असती. आणि ती चमकणारी तर सेटमध्ये धरतच नाहीत."

धाकटा रडला नाही, तक्रारही केली नाही. फक्त आपली फाइल उशीखाली ठेवून झोपू लागला. भाई खोलीत आला की फाइल मिटायची. ते पाहिलं तेव्हा आमच्या पोटात कालवलं.

थोरल्याला जवळ बसवलं. तो म्हणाला, "मी खोटं कुठे बोललो? कोपरा दुमडलेला होताच. एक घेतलं, दोन दिली."

आम्ही विचारलं, "तुला हेच हवंय, हे त्याला ठाऊक होतं? ती दोन सेटमध्ये धरत नाहीत, हे सांगितलंस?"

तो गप्प झाला. कार्ड परत कर, असं आम्ही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "मालाचा दोष झाकून विकणं वाईट, तसंच समोरच्याच्या मालाची किंमत दडवून तो घेणंही वाईट. सौदा दोघांना सारखं माहीत असेल तरच सौदा. पुढचं तू ठरव."

खरं तर हे बोलताना आम्हालाही आमचे सौदे आठवत होते. जुनी स्कूटर विकताना इंजिनाचा आवाज आपण कुणाला ऐकवतो? भावाबहिणीत जमिनीचा वाटा ठरताना, रस्ता कुठून जाणार हे ज्याला आधी कळलं तो बोलतो का?

दुसऱ्या दिवशी फजरनंतर पाहिलं, तर 64 नंबरचं कार्ड धाकट्याच्या फाइलमध्ये परत आलं होतं. चमकणारी दोन तिथेच होती, ती मागून घेतली नव्हती.

आम्हाला वाटलं, धाकटा आता आपणहून ते कार्ड भाईला देईल. त्यानं दिलं नाही. त्याचाही संच चालू आहे, त्यालाही 64 हवंच आहे. ते बरोबरच आहे. मात्र उशीखालची फाइल पुन्हा टेबलावर आली. आता दोघांच्या याद्या शेजारी शेजारी असतात आणि बदलायचं असेल तर आधी दोन्ही याद्या उघडायच्या, असा नियम त्यांनी स्वतःच केला आहे.

बकरी ईद होऊन गेली. थोरल्याकडे आज 99 कार्डं आहेत. आठव्या पानावरचा पहिला खिसा रिकामा आहे. अब्बा म्हणाले, "चल, सुटं विकत घेऊन देतो." तो म्हणाला, "राहू द्या अब्बा, शाळा सुरू झाली की कुणाशी तरी बदलीन."