गावाचे तोंड पाण्याकडे

"रत्नागिरीत आहे काय बघण्यासारखं? तेच ते!" आमच्या वर्गातील एक मैत्रीण परवा म्हणाली. हे वाक्य मी गेली तीन वर्षे ऐकतो आहे आणि खरे सांगायचे तर स्वतःही म्हणत आलो आहे. घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन निघायचे. टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, किल्ल्यावरची भगवती, थिबा राजवाडा आणि शेवटी मांडवीवर भेळ. साले तोंडपाठ आहेत. टिळकांचा जन्म १८५६, राजवाडा १९१०, पतितपावन १९३१. दुपारी निघालेला पाहुणा साताच्या आत घरी. असे कितीतरी पाहुणे मी फिरवले. पण वीस वर्षे या गावात राहून मी एकदाही होडीत बसलो नव्हतो, हे माझ्या कधी ध्यानातही आले नव्हते.

ते ध्यानात आणून दिले राजिवड्याच्या माझ्या एका वर्गमित्राने. बोलता बोलता मी हे सांगून बसलो, तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, "मग तू रत्नागिरी बघितलीस कुठून?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी त्याच्या वडिलांच्या होडीतून संध्याकाळी खाडीत जायचे ठरले. आम्ही चौघे होतो. सूर्यास्त बघायचा आणि मागून उगवणारा चंद्रही बघायचा, म्हणून आम्ही मोठ्या हौसेने पौर्णिमा निवडली.

चाचांनी ती एका वाक्यात मोडीत काढली. "पुनवेला सूर्य बुडताना खाडीत पाणी कुठं असतं? अष्टमीला या."

अष्टमीच का, ते त्यांनी समजावून सांगितले. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरती किती वाजता पूर्ण होणार ते ढोबळपणे कळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास सुकती असायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे नेमकी दिवेलागणीला भरती. शिवाय अष्टमीचे पाणी भांगाचे, त्याला उधाणाची ओढ नाही. चाचा चांद मोजतात, माझी आजी तिथी मोजते; हिशेब एकच. आणि मी? मी हायस्कुलात भूगोलात भरती-ओहोटीची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते! मला लाज वाटली, हे कबूल करतो.

तर मार्गशीर्षातल्या शुद्ध अष्टमीला साडेचारच्या सुमारास आम्ही राजिवड्याहून निघालो. भरती चढत होती, म्हणून तिच्याबरोबर आधी वर, कर्ल्याच्या बाजूला गेलो. काजळी नदी इथे नदी राहिलेली नसते आणि समुद्रही झालेली नसते. दोन्ही काठांना कांदळवन, मध्येच एखादी होडी, तिसऱ्या काढून परत निघालेल्या दोघी-तिघी बायका. मग मान वर केली आणि कड्याच्या टोकावर थिबा राजवाडा दिसला.

हा राजवाडा मी पन्नास वेळा तरी पाहिला असेल. पण तो रस्त्याच्या बाजूने. तिथून तो एक ऐसपैस जुनी इमारत दिसतो; हिरवळीवर फोटो काढावेत, अशी. पाण्यावरून तो तसा दिसत नाही. खाली खाडी, वर सरळ चढलेला कडा आणि त्यावर जांभ्या दगडाचे ते घर, सगळ्या पाण्यावर नजर ठेवून बसलेले. तिथे राहणाऱ्याला पाणी सगळे दिसणार. पण त्या पाण्यावर पाऊल टाकून कुठे जाता येणार नाही. राजवाडा म्हणजे तुरुंग होता, हे मला पुस्तकाने सांगितले होते. ते पटले होडीत.

थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेत कैद केले आणि इरावती नदीतून आगबोटीने खाली नेले. त्या आगबोटीचे नाव होते 'थुरिया'. म्हणजे आपला सूर्यच. एप्रिल १८८६ मध्ये तो रत्नागिरीस आणला गेला, तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. या तीस वर्षांपैकी राजवाड्यात तो राहिला सहाच वर्षे. त्याआधीचा सगळा काळ बंगल्यांत, पहाऱ्याखाली गेला. दुर्बीण लावून तो जाणाऱ्या-येणाऱ्या बोटी पाहत असे, असे गावात सांगतात. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परत गेली. राजाची समाधी मात्र इथेच राहिली. त्याच्या आधी अठ्ठावीस वर्षांपूर्वी, १८५८ मध्ये, दिल्लीच्या बहादूरशहा जफरला याच इंग्रजांनी रंगूनला नेले होते आणि १८६२ मध्ये तो तिथेच मेला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशच्या मातीत आणि ब्रह्मदेशचा राजा कोकणच्या मातीत! साम्राज्य म्हणजे काय, हे याहून थोडक्यात कोण सांगणार?

होडी वळली. भाट्याच्या पुलाखालून आम्ही मुखाकडे निघालो. हा पूल होण्यापूर्वी माणसे तरीने पलीकडे जात. डाव्या हाताला भाट्याची वाळू आणि सुरूचे बन, उजव्या हाताला मांडवी, आमचा 'काळा समुद्र', आणि त्याच्या पुढे समुद्रात शिरलेला रत्नदुर्ग. तीन बाजूंनी पाणी असलेला हा किल्ला डोंगरावर का बांधला, हा प्रश्न पाण्यावरून पडतच नाही. तो समुद्राकडून येणाऱ्याला दिसावा आणि येणारा त्याला दिसावा, यासाठीच तो तिथे आहे. दीपगृहाचेही तेच. म्हणजे या गावातल्या मोठ्या वास्तू पाण्याकडे तोंड करून उभ्या आहेत आणि आम्ही आजवर त्यांची पाठ पाहत होतो.

मुखाशी साठलेल्या वाळूजवळ चाचांनी वेग कमी केला. पाणी कुठे उथळ आहे ते नुसत्या रंगावरून ओळखत त्यांनी होडी बाहेर काढली. बोलणे थांबले होते. सूर्य बुडाला, डोक्यावर अर्धा चंद्र आधीपासूनच होता, आणि किल्ल्यावरचा दिवा लागला. आम्ही परत फिरलो.

आता मुद्द्याचे. पर्यटकांसाठी अशा संध्याकाळच्या फेऱ्या असाव्यात की नसाव्यात, यावर आमच्यात बराच वाद झाला. माझे मत, त्या अवश्य असाव्यात. पण कशा? दुसऱ्या एका गावी मी पैसे मोजून अशी फेरी केलेली आहे. दीड तास कर्ण्यातून सिनेमाची गाणी, आणि किल्ला आला तेव्हा सांगणारा एवढेच बोलला, की फोटो घ्यायचे असतील त्यांनी डाव्या बाजूला यावे. असल्या फेरीपेक्षा मांडवीवरची भेळ शतपटीने बरी.

आमच्या खाडीत फेरी निघायची तर होडी खाडीतल्या माणसाची असावी, आणि पाहुण्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे असावीत. वेळापत्रक कचेरीतल्या घड्याळाने नव्हे, पंचांगाने ठरावे. राजवाड्याखालून जाताना, 'इंग्रजांनी राजाला राजवाडा बांधून दिला' असे अर्धे सत्य सांगू नये. कैद्याला घर दिले, असे सांगावे. आणि धक्क्यावर रंगीत दिवे लावण्याआधी मुखावरची वाळू काढावी. पाहुण्यांची होडी वर्षातून काही संध्याकाळीच मुखातून जाईल. मच्छीमाराला तिथून रोज जावे लागते.

आमच्या एका प्राध्यापकांनी आक्षेप घेतला, की मच्छीमार मासे सोडून पाहुणे वाहू लागला तर त्याचा धंदाही जाईल आणि ज्ञानही. आक्षेप खोटा नाही. मी तो चाचांना सांगितला. ते म्हणाले, "भांगात पाण्याला ओढ नसते, जाळ्यात काय येणार? ते चार दिवस तुम्ही या. उधाणात येऊ नका, तेव्हा आम्हांला काम असतं." ज्या दिवसांत सूर्यास्ताला भरती, त्याच दिवसांत मासळी कमी. एवढी सोयीची सांगड समितीने बसूनही जमवली नसती!

पण पर्यटकांपेक्षा मला आमचीच काळजी अधिक वाटते. माझे आजोबा मुंबईला बोटीने जात. बोट खोल पाण्यात उभी राही, पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे. गाव सोडताना किल्ला लहान लहान होत गेलेला त्यांनी पाहिला होता आणि म्हातारपणापर्यंत ते त्याचे वर्णन करीत. पुढे बोटी बंद झाल्या. आता हातखंब्याला महामार्ग आहे, आणि कोकण रेल्वेने कुवारबावच्या स्टेशनावरून थेट मुंबई गाठता येते. सोय झाली, हे चांगलेच झाले. पण जाणाऱ्याला गाव दिसेनासे झाले.

आमच्या वर्गातले निम्मे तरी पदवी हाती पडताच मुंबई-पुण्याची वाट धरतील, मीही त्यांतलाच. थिबाला गाव सोडता येत नव्हते, म्हणून तो तीस वर्षे पाणी पाहत राहिला. आम्हांला गाव सोडायचेच आहे, म्हणून आम्ही ते पाहतही नाही. म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती मी गंभीरपणेच करीत आहे. प्रथम वर्षाच्या सहलीला दरवर्षी लांबची ठिकाणे शोधण्याऐवजी एका अष्टमीला साडेचार वाजता सर्वांनी राजिवड्याच्या धक्क्यावर जमावे. इतिहासाच्या, भूगोलाच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनीही यावे. सुकाणू मात्र चाचांकडे राहू द्यावे.

'तेच ते' म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी पुढच्या अष्टमीचे आमंत्रण दिले आहे. तिने आधी पौर्णिमाच सुचवली.