आठशे जणांची एकच चूक?

आमच्या टीममध्ये एक अलिखित नियम आहे. एखाद्या युजरने चुकीचं बटण दाबलं तर त्याला समजावून सांगायचं. शंभर जणांनी तेच बटण दाबलं तर गुपचूप बटण बदलायचं. तिथे युजरला शिव्या घालणाऱ्या इंजिनियरला मीटिंगमध्ये कोणी फार वेळ बोलू देत नाही.

माझ्या जिल्ह्यात मात्र उलटं झालं. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना आठशेच्या आसपास लोकांना विषबाधा झाली आणि वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. सरकारने चौकशीसाठी एसआयटी नेमली, मृतांच्या कुटुंबांना दोन लाखांची मदत जाहीर झाली, आणि चर्चा फिरूनफिरून एकाच वाक्यावर येऊन थांबली: लोकांनी मास्क, हातमोजे वापरले नाहीत.

मी तेव्हा पुण्यात सेकंड इयरला होतो. आमचं घर लोहाऱ्यात. लोहारा यवतमाळला इतकं खेटून आहे की बाहेरच्यांना फक्त तिथली एमआयडीसी माहीत असते, पण वस्ती संपली की कपाशीच कपाशी. त्या वर्षी आमच्या वावरात फवारणाऱ्या माणसाला चक्कर आली, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. तो वाचला. बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "त्याने तोंडाला काही बांधलं नव्हतं का?"

औषध आमचं, पंप आमचा, वावर आमचं, आणि चूक त्याची. हा लेख मी आधी स्वतःविरुद्ध लिहितोय, बाकीच्यांचा नंबर नंतर.

तो सीझन कसा होता ते बघा. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी, काही ठिकाणी डोक्याच्याही वर वाढलेली. म्हणजे नोझल वर धरायचं आणि खाली पडणाऱ्या तुषारांतून स्वतःच पुढे चालायचं. हवेत ओल, अंगाला घाम, घामाने भिजलेला सदरा औषध धरून ठेवतो. हाताच्या पंपाऐवजी जोरात फवारणारे बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप आले होते. मजुरी पंपामागे, त्यामुळे जितके जास्त पंप तितके जास्त पैसे, आणि सुटी घेतली तर शून्य. अशा उकाड्यात नखशिखांत प्लास्टिकचा सूट घालून दिवसभर काम करून दाखवा, मग सल्ला द्या. आमच्या वावरातल्या माणसाचं उत्तर एका ओळीचं होतं: "फडकं बांधलं त दम कोंडते, बापू."

आणि औषध कोण सांगतं? कृषी केंद्रवाला. तोच डॉक्टर, तोच केमिस्ट, तोच सावकार, कारण माल उधारीवर असतो. अळीचं एक, तुडतुड्याचं एक, बुरशीचं एक, वर झाड हिरवं दिसावं म्हणून टॉनिक, सगळं एकाच बादलीत. या मिश्रणाचं माणसाच्या शरीरात काय होतं हे कुठल्याच एका डब्यावर लिहिलेलं नसतं, कारण प्रत्येक डबा फक्त स्वतःबद्दल बोलतो. सोबतचं माहितीपत्रक घडी उलगडून बघा. मुंगीच्या अक्षरात अनेक भाषा. आपण ॲप टाकताना खालचं सगळं न वाचता 'मान्य आहे' दाबतो ना, तेच. फरक एवढाच की आपल्याला नंतर फार तर फालतू मेसेज येतात.

डब्यावरचा त्रिकोण शाळेत कोणी शिकवलाय? लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मोनोक्रोटोफॉसवर लाल. बिहारमध्ये २०१३ साली शाळेच्या जेवणात हेच गेलं आणि २३ मुलं मेली. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी होती, कपाशीवर नव्हती. खाणाऱ्याचा जीव मोजला, फवारणाऱ्याचा नाही.

आता बोंडअळीकडे या, कारण हा सगळा मारा शेवटी कशासाठी वाढला ते कळायला हवं. बीटी कापूस २००२ साली आला, दोन जनुकांचा बीजी-२ २००६ मध्ये. पुढे गुलाबी बोंडअळीने दोन्ही पचवले. असं होऊ नये म्हणून बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बी दिलं जायचं, ते कडेने लावायचं. मग विषाला न सरावलेल्या अळ्या तिथे जगतात, त्यांचा सरावलेल्यांशी संकर होतो आणि प्रतिकारशक्ती हळू पसरते. बहुतेकांनी ती पुडी लावलीच नाही. पुन्हा तोच ओरडा: शेतकरी ऐकत नाहीत. अहो, पाच एकरवाला जिथून उत्पन्न कमी येणार अशा ओळी स्वतःहून कशाला लावेल? पुढे बिगरबीटी बी त्याच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत आणली गेली. म्हणजे बटण बदललं! बियाण्यात हे सुचू शकतं, विषात का सुचत नाही?

विषाच्या बाबतीत काय झालं? राज्य सरकारने पाच कीटकनाशकांवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिममध्ये बंदी घातली. साठ दिवसांची. नोव्हेंबरात. तेव्हा आमच्याकडे वेचणी चालू असते. त्या पाचांत डायफेन्थियुरॉन होतं आणि प्रोफेनोफॉस असलेलं एक मिश्रणही होतं. स्वित्झर्लंडने २०२१ पासून ही दोन्ही देशाबाहेर पाठवायलाच बंदी केली. स्वतःच्या मातीत तर डायफेन्थियुरॉन त्यांनी आधीच थांबवलं होतं. मग आमच्यासाठी साठ दिवस पुरेसे कसे?

पुण्यातले मित्र म्हणतात, एक ॲप बनव. फोटो काढला की रोग ओळखेल, डोस सांगेल. मी बनवू शकतो, दोन महिन्यांत. पण ते ॲपही शेवटी माहितीपत्रकच होणार, आणि काही झालं की लोक म्हणणार, ॲपमध्ये सांगितलं होतं ना. मला त्याआधी दुसरं हवंय. लाल त्रिकोणाचं औषध दुकानातून उठवा. कृषी केंद्राने दिलेला प्रत्येक सल्ला बिलावर लिहून सहीने द्यावा, काय कशात मिसळायला सांगितलं तेसुद्धा. फवारणीच्या महिन्यांत रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी आणि अॅट्रोपिन तालुक्याला मिळावं. आणि कामगंध सापळे बियाण्याच्या पाकिटासोबतच द्या. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग दिसेपर्यंत गुलाबी बोंडअळीसाठी पंप उचलायचा नाही, ही शिफारस जुनीच आहे. पण सापळा विकून कोणाची उधारी वाढत नाही. डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका असंही सांगतात, बरोबरच आहे, पण हाती पैसा नसलेल्या माणसाला त्या शेवटच्या दोन वेचण्या सोडायला सांगणं पुण्यातून सोपं आहे.

गेल्या जूनमध्ये मी घरी गेलो तेव्हा फवारणाऱ्यासाठी चष्मा, मास्क, हातमोजे घेऊन गेलो. हो, मीच. तो माणूस आता फवारत नाही, त्याचा मुलगा येतो. ऑगस्टमध्ये बाबांनी वावरातला फोटो पाठवला. पोरगा कपाशीत उभा, पाठीवर पंप. मास्क पंपाच्या पट्ट्याला लटकत होता.