चमत्काराची पारख

क्रुसातून पाणी ठिबकल्याची वार्ता पसरली की भाविकांची रीघ लागते आणि सत्य काय, हा प्रश्न मागे पडतो. २०१२ साली मुंबईतील इर्ला येथे असेच घडले. तुंबलेल्या सांडपाण्याचा ओलावा भिंतीतून झिरपतो आहे, असे सनल एदामारुकू यांनी सांगताच आपल्यापैकी काहींनी पोलिसांत तक्रार केली. श्रद्धेला चौकशीचे भय का वाटावे?

१७ मे २०२४ रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेली नवी नियमावली आपणांस हेच विचारते. तिने १९७८ च्या नियमांची जागा घेतली. आता स्थानिक बिशपांनी चौकशी करावी व व्हॅटिकनच्या संमतीनेच निर्णय जाहीर करावा, असे ठरले आहे. सहा संभाव्य निष्कर्षांपैकी सर्वांत अनुकूल निष्कर्षही घटनेला अलौकिक ठरवीत नाही. भक्तीस हरकत नाही, एवढेच सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मेजुगोर्येबाबत हाच निर्णय झाला. धन, सत्ता वा प्रसिद्धीचा लोभ दिसल्यास मात्र ती धोक्याची खूण मानली जाते.

लूर्ड्स येथे बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. एप्रिल २०२५ पर्यंत ख्रिस्तसभेने त्यांतील केवळ ७२ चमत्कार म्हणून मान्य केले. आजार गंभीर होता काय, आरोग्यलाभ आकस्मिक, पूर्ण व टिकाऊ आहे काय, हे तेथे डॉक्टर तपासतात.

खोट्या चमत्काराच्या भरवशावर एखादा रुग्ण औषध सोडतो, तेव्हा त्याच्या जिवाशी खेळ होतो. म्हणून ‘साक्ष’ ऐकताच टाळ्या वाजविण्यापूर्वी आपण थांबावे, विचारावे. सत्याचा शोध हीसुद्धा प्रार्थनाच आहे.