घरचे आरोग्य : हिवाळा आणि दोन ग्रंथी

दिल्लीचा हिवाळा दक्षिणेकडून आलेल्या माणसाला प्रथम आवडतो आणि मग जाणवतो. नोव्हेंबरात ऊन कोवळे होते, बाजारात लाल गाजरे आणि मटार दिसू लागतात, गच्च्यांवर रजयांना ऊन दाखविले जाते. डिसेंबर सरता सरता मात्र धुके उतरते आणि दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. सफदरजंग येथील वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी पारा शून्याखाली ०.६ अंशापर्यंत गेला होता. ३० डिसेंबर २०१९ रोजी भर दुपारीसुद्धा तो ९.४ अंशांच्या वर चढला नाही. येथील बहुतेक घरांत खोल्या उबदार ठेवण्याची कायमची सोय नसते. एकदा भिंती गार झाल्या की घरात बाहेरच्यापेक्षा अधिक थंडी वाजते, हा अनुभव मुंबईहून किंवा रत्नागिरीहून बदलीने आलेल्या प्रत्येक कुटुंबास पहिल्याच वर्षी येतो.

थंडी सर्वांनाच वाजते आणि म्हणूनच कोणा एकाची थंडीची तक्रार घरात कोणी मनावर घेत नाही. "या दिवसांत असे व्हायचेच," असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते, आणि घरातील स्त्रिया तर ते हमखास अंगावर काढतात. ज्या दोन विकारांत ही सवय विशेष घातक ठरते, त्यांचा विचार या वेळी करावयाचा आहे. एक विकार गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा आणि दुसरा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा. परिभाषाकोशांत यांना अनुक्रमे अवटू ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी अशी नावे आहेत. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि घरोघरी बोलण्यात जे शब्द रूढ आहेत, तेच येथे वापरले आहेत.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. "मला थायरॉइड आहे," असे आपण सहज म्हणतो. थायरॉइड तर प्रत्येकालाच आहे! विकार दोन प्रकारचे असतात. ग्रंथीचा स्राव कमी पडला तर शरीराचे व्यवहार मंदावतात, थंडी सोसवत नाही. तो अधिक झाला तर हृदय धडधडते, वजन घटते आणि उलट उकाडा सोसवत नाही. दोन्हींचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. म्हणून आपल्या घरी कोणाला हा विकार असेल तर तो कमतरतेचा की अतिरेकाचा, हे घरातील निदान दोघांना तरी ठाऊक असावे. एकाची गोळी दुसऱ्याने "थायरॉइडचीच आहे" म्हणून घेणे हा तर जिवाशी खेळ होय. यापुढील विवेचन कमतरतेविषयी आहे.

थायरॉइडचा स्राव रक्तावाटे सर्व शरीरात जातो आणि पेशींनी किती वेगाने काम करावे व किती उष्णता निर्माण करावी, हे ठरवितो. चुलीतील जाळ पुढे-मागे करावा तसे हे काम आहे. ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची देखरेख असते. स्राव कमी भासला की पोष ग्रंथी टी.एस.एच. नावाचा संदेश वाढविते. रक्ततपासणीत ज्या आकड्याकडे डॉक्टर प्रथम पाहतात तो हाच. तो वाढलेला असेल तर थायरॉइड कमी पडत आहे, असे समजावे. निरोगी माणसातही हिवाळ्यात हा आकडा उन्हाळ्यापेक्षा किंचित वर राहतो, असे अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे. थंडीत शरीराची मागणी बदलते. निरोगी ग्रंथी तिच्याशी जुळवून घेते, दुबळ्या ग्रंथीला ते जमत नाही.

मग साधी थंडी आणि विकाराची थंडी ओळखावी कशी? त्वचा कोरडी पडणे, अंथरुणातून उठू नये असे वाटणे, वजन थोडे वाढणे या गोष्टी जानेवारीत पुष्कळांना होतात. परंतु सगळे घर उन्हात बसून ताजेतवाने झाले तरी एकाच व्यक्तीचे हातपाय गारच राहतात. होळी जवळ आली, इतरांचे स्वेटर पेटीत गेले, तरी तिची शाल सुटत नाही. आवाज जड होतो, बद्धकोष्ठ राहतो, केस विंचरताना गुंता हातात येतो, सकाळी चेहरा व पापण्या सुजल्यासारख्या दिसतात, मासिक पाळीत रक्तस्राव अधिक होतो, विसराळूपणा वाढतो. यांपैकी तीन-चार लक्षणे एकत्र दिसली तर ऋतूला दोष न देता रक्ततपासणी करून घ्यावी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्ली, मुंबई, गोवा यांसह आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. त्यांत शेकडा सुमारे ११ जणांत ही कमतरता आढळली; स्त्रियांत तिचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. ज्यांच्यात ती आढळली त्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश लोकांना तिचा आधी पत्ताच नव्हता.

या विकाराचे कारण काळाबरोबर पालटले आहे. पूर्वी हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात गलगंड घरोघरी दिसे, कारण तेथील माती-पाण्यात आयोडीन अत्यल्प होते. डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात एक मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ पुरविले आणि तिसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंड लक्षणीय रीतीने ओसरला, तिसऱ्यातील तसा ओसरला नाही. या पायावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. कोचुपिल्लै, डॉ. करमरकर, डॉ. पांडव आदींनी हे काम चालविले. आपल्या स्वयंपाकघरातील आयोडीनयुक्त मिठाच्या पुडीमागे हा सारा इतिहास आहे.

आज शहरांत आढळणाऱ्या कमतरतेचे मुख्य कारण मात्र निराळे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. हाशिमोटो या जपानी वैद्याने १९१२ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले. ज्याची ग्रंथी अशा रीतीने निकामी झाली आहे, त्याने मीठ अधिक खाल्ल्याने ती पूर्ववत होत नाही. त्याला गोळीच घ्यावी लागते. पण म्हणून घरात आयोडीनयुक्त मीठ बंद करून नुसते सैंधव वापरणेही योग्य नाही, कारण वाढत्या मुलांना आणि गर्भवतींना आयोडीनाची नितांत गरज असते. मीठ झाकणाच्या बरणीत, शेगडीच्या वाफेपासून दूर ठेवावे. हिवाळ्यातील फ्लॉवर, कोबी, सलगम यांविषयी उगाच भीती बाळगू नये; शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यास त्यांपासून अपाय होत नाही.

गोळीचे गणित हिवाळ्यातच अधिक बिघडते. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावयाची असते. थंडीत मात्र डोळे उघडतात ते चहाच्या कपापाशी! मग गोळी चहाबरोबर जाते, किंवा "नंतर घेऊ" म्हणून राहून जाते, आणि दोन महिन्यांनी औषध लागू पडत नाही अशी तक्रार होते. उपाय सोपा आहे. गोळी व पाण्याचा पेला रात्रीच उशाशी ठेवावा. ते साधत नसेल तर डॉक्टरांना विचारून, रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेण्याचा परिपाठ ठेवावा. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या हिच्यापासून चार तास दूर असाव्यात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीपूर्वी तसे सांगावे, कारण त्याने रक्ताचे आकडे फसवे येऊ शकतात. थंडी अधिक वाटते म्हणून मनानेच गोळी वाढवू नये; जादा मात्रेने हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात. तसेच जानेवारीत टी.एस.एच. किंचित वाढलेला दिसला आणि दुसरी काही तक्रार नसली, तर जन्माची गोळी सुरू करण्यापूर्वी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. गर्भवती स्त्रीने मात्र वाट पाहू नये. तिने त्वरित सल्ला घ्यावा.

ज्या वृद्धांची कमतरता ओळखली गेली नाही किंवा ज्यांची गोळी सुटली, त्यांच्यावर कडक थंडीत एक विरळा पण प्राणघातक प्रसंग येऊ शकतो. निमित्त बहुधा न्यूमोनियाचे किंवा झोपेच्या गोळीचे होते. माणूस सुस्तावतो, हाकेला उशिरा ओ देतो, अंग बर्फासारखे लागते, श्वास व नाडी मंदावते. घरातील तापमापक ३५ अंशांखाली बहुधा दाखवीतच नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. अशा वेळी गरम पाण्याच्या पिशव्यांनी शेकू नये. त्वचेतील रक्तवाहिन्या एकदम रुंदावून रक्तदाब घसरण्याचा धोका असतो. कोरड्या पांघरुणात गुंडाळून तडक रुग्णालयात न्यावे.

आता दुसऱ्या ग्रंथींकडे वळू. अ‍ॅड्रिनल ग्रंथी अवघ्या चार-पाच ग्रॅमच्या, पण ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक संकटात शरीर सावरून धरणारे कॉर्टिसॉल त्याच तयार करतात. त्या निकामी झाल्या म्हणजे काय होते, हे लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिले. थकवा व भूकनाश, वजनात घट, उठताना घेरी, खारट खाण्याची ओढ, आणि हिरड्या, हातांच्या रेषा व बोटांचे सांधे काळवंडणे ही त्याची लक्षणे. आपल्या देशात क्षय हे याचे एक प्रमुख कारण आहे.

याहून कितीतरी अधिक लोकांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी औषधांमुळे झोपी गेलेल्या असतात. दमा, संधिवात, त्वचाविकार यांवर स्टेरॉइडच्या गोळ्या तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतल्या, की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनविणे सोडून देते. गोळी एकदम थांबविली तर बाहेरचाही पुरवठा नाही आणि आतलाही नाही, अशी स्थिती होते. आमच्या परिचयाच्या एका घरी वडिलांना दम्यासाठी अशा गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी चेहरा सुजतो म्हणून त्यांनी त्या डिसेंबरात आपणहून सोडल्या. आठवड्याभरात फ्ल्यूचा ताप आला, उलट्या झाल्या आणि ते न्हाणीघरात कोसळले. घरच्यांना वाटले, थंडी बाधली. रुग्णालयातील तरुण डॉक्टरने "कोणती गोळी नुकतीच थांबविली?" असा प्रश्न वेळेवर विचारला, म्हणून ते वाचले. गल्लीबोळांतील वैदूंच्या सांधेदुखीच्या व दम्याच्या पुड्यांतही कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. एखाद्या पुडीने आश्चर्यकारक गुण आला तर ती घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि ती अचानक बंद करण्यापूर्वी त्यांना दाखवावी.

थंडीने या ग्रंथी बिघडतात असे नव्हे. पण हिवाळ्यात फ्ल्यू आणि न्यूमोनिया वाढतात, दिल्लीची हवा धुराने कोंदते, आणि छातीच्या प्रत्येक दुखण्यात शरीर अधिक कॉर्टिसॉल मागते. निरोगी माणसाला ते आपोआप मिळते. या रुग्णाला ते गोळीतूनच द्यावे लागते. म्हणून ताप असेपर्यंत दोन-तीन दिवस मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करण्याचा नियम आहे. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन तातडीने लागते. आपल्या रुग्णाला नेमके किती द्यावयाचे, हे डॉक्टरांकडून ताप येण्यापूर्वीच लिहून घ्यावे. थकव्यावर "अ‍ॅड्रिनल दमल्या आहेत" असे सांगून विकली जाणारी चूर्णे व गोळ्या मात्र दूर ठेवाव्यात. वैद्यकशास्त्र असा रोग मानीत नाही.

या दोन्ही विकारांची कधी कधी जोडी जमते. श्मिट या जर्मन वैद्याने १९२६ मध्ये ती प्रथम नोंदविली. अशा रुग्णास थायरॉइडची गोळी आधी दिली तर शरीराचा वेग वाढतो, उरलेसुरले कॉर्टिसॉल लवकर खर्ची पडते आणि प्रकृती ढासळते. म्हणून आधी अ‍ॅड्रिनलचा उपचार करावा लागतो. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर बरे वाटण्याऐवजी घेरी, उलट्या आणि वजनाची घट वाढली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

शेवटी एक इशारा. ज्यांना थंडी सोसत नाही तेच दारे-खिडक्या लावून शेजारी कोळशाची अंगीठी पेटवितात. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेले माणूस उठतच नाही. झोपण्याच्या खोलीत अंगीठी कदापि ठेवू नये. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ थर, पायात मोजे, डोक्याला कानटोपी आणि दुपारचे ऊन यांवर भर द्यावा.

वाचकहो, आपल्या घरी असा रुग्ण असेल तर संक्रांतीच्या आत एवढे करा. एका जाड कागदावर विकाराचे नाव, रोजच्या गोळ्या व त्यांच्या मात्रा, तापात काय करावयाचे ते आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहा. एक प्रत रुग्णाच्या खिशात किंवा पर्समध्ये ठेवा आणि दुसरी स्वयंपाकघराच्या दारामागे, सर्वांना दिसेल अशी लावा.