वावराचा रंग कोण ठरवणार?



जिल्हा मेळाव्याच्या अंकात कापसाचा भाव सोडून विद्यापीठातल्या एका पदवीवर लिहायला घेतले, हे काही जणांना पटणार नाही. पण भाव यंदा पडला तर पुढच्या हंगामात चढण्याची आशा तरी असते. ही पदवी घेतलेला माणूस नकाशावर जी रेघ ओढतो ती वीस-वीस वर्षे हलत नाही. शहराजवळच्या गावात त्या रेघेच्या एका बाजूला जमिनीला सोन्याचा भाव येतो, दुसऱ्या बाजूची जमीन गिऱ्हाईकाची वाट पाहत बसते. मध्ये असतो फक्त एक धुरा. दोन्हीकडची माती एक, पाऊस एक, पऱ्हाटीही एक. रेघ ओढणाऱ्याने त्या धुऱ्यावर कधी पाय ठेवलेला नसतो.

पदवीचे नाव 'नगर व प्रादेशिक नियोजन'. पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यास, एम. प्लॅन. किंवा एम. टेक. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा, अहमदाबाद, खरगपूर येथे हे शिक्षण मिळते. आपल्याकडे पुण्याला सीओईपीत आणि नागपूरला व्हीएनआयटीत. तिथून बाहेर पडलेली मुले नगररचना खात्यात, विकास प्राधिकरणांत आणि सल्लागार कंपन्यांत बसतात. शहरांचे विकास आराखडे आणि जिल्ह्यांच्या प्रादेशिक योजना त्यांच्या टेबलावर तयार होतात.

माझे म्हणणे सरळ आहे. या पदवीच्या नावात नगर आहे आणि प्रदेशही आहे. वर्गात नगर शिकवले जाते. प्रदेश म्हणजे नगराला उद्या लागणारी जमीन, एवढाच अर्थ उरला आहे. हा अर्थ बदलायचा तर शेतकऱ्याच्या पोरापोरींनी त्या वर्गात शिरले पाहिजे.

हे शास्त्र शेतातच जन्मले

नियोजनाच्या पुस्तकात पहिल्या धड्यांत जी नावे येतात ती जरा तपासून पाहू.

फॉन थ्यूनेन. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गचा शेतकरी. तेलो या आपल्या वाडीवर बसून वर्षानुवर्षे पै-पैचा हिशेब त्याने लिहिला आणि १८२६ साली पुस्तक काढले. बाजारापासून किती अंतरावर कोणते पीक परवडते, वाहतुकीचा खर्च जमिनीची किंमत कशी ठरवतो, याचा तो सिद्धांत. दूध आणि भाजीपाला शहराला लागून, धान्य त्याच्या पलीकडे, जनावरे सर्वांत बाहेर. आजही शहरातल्या जमिनीच्या किमतीचे शास्त्र याच पायावर उभे आहे. पाया शेतकऱ्याच्या वहीचा.

एबेनेझर हॉवर्ड. इंग्लंडातला लघुलेखक. १८९८ साली त्याने 'उद्यान नगरा'ची कल्पना मांडली. तिची आकडेवारी लक्षात ठेवा: एकूण ६,००० एकर, त्यात शहर फक्त १,००० एकरांवर, उरलेली ५,००० एकर शेती. जमिनीची किंमत वाढेल तो फायदा सगळ्या वस्तीचा. आज आपल्याकडे जाहिरातीत 'गार्डन सिटी' वाचायला मिळते. बगीचा शिल्लक राहिला, पाच हजार एकर शेती गळाली, आणि किमतीचा फायदा कुणाच्या खिशात गेला ते तुम्हाला ठाऊक आहे.

पॅट्रिक गेडिस. हा तर वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला, गावोगाव पायी हिंडला, अनेक शहरांचे अहवाल लिहिले, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला. शहर समजून घ्यायचे तर डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचे सगळे खोरे पाहा, असे तो सांगे. खोऱ्यात खाणकरी, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, माळी, कोळी आपापल्या जागी. शहर म्हणजे या सगळ्यांच्या कामाचा शेवटचा टप्पा. आधी पाहणी, मग योजना, हा त्याचा नियम.

एक शेतकरी, एक लघुलेखक, एक वनस्पतीचा मास्तर. तिघांपैकी एकही वास्तुविशारद नाही.

नावातून गाव कसे गेले

या विषयाचा पहिला विद्यापीठीय विभाग १९०९ साली इंग्लंडात लिव्हरपूलला निघाला, साबणाचे कारखानदार लिव्हर यांच्या पैशातून. तिथून तो वास्तुशास्त्राच्या मांडीवर वाढला. आपल्याकडे दिल्लीत १९५५ साली केंद्र सरकारने जी संस्था काढली तिच्या इंग्रजी नावात 'टाउन अँड कंट्री' असे दोन्ही शब्द होते, म्हणजे शहर आणि गावाकडचा मुलूख. चार वर्षांत, १९५९ साली, ती वास्तुशास्त्राच्या विभागाशी जोडली आणि नाव झाले 'स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर'. नावातला गावाकडचा मुलूख गेला, इमारत आली.

प्रादेशिक नियोजन शिकवतच नाहीत, असे मी म्हणत नाही. दिल्लीत त्याची वेगळी पदवी आहे. पण वर्गात कोण बसतो ते पाहा. प्रवेशाच्या यादीत आधी वास्तुशास्त्राचा पदवीधर, सिव्हिल इंजिनियर, नियोजनाचा पदवीधर. मग पुष्कळ ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राचे एम. ए. मातीचा थर ओळखणारा, पाण्याचा ताण ओळखणारा शेतकी पदवीधर त्या दारात क्वचित दिसतो. मग त्या मुलांना शेत म्हणजे रिकामी जागा वाटली तर दोष मुलांचा किती? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

काळी आणि मुरूम

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याखाली जिल्ह्याच्या नकाशावर रंग भरतात. वस्तीचा पिवळा, शेतीचा हिरवा. 'येलो झोन', 'ग्रीन झोन' हे शब्द आता चावडीवरच्या म्हाताऱ्यालाही पाठ झालेत.

एक शेतकी पदवीधर म्हणून माझा पहिला प्रश्न मातीचा आहे. आपली भारी काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. कापसाला, रब्बी ज्वारीला ती आई आहे, कारण ओल धरून ठेवते. घराला ती वैरी आहे, कारण पाया हलवते, भिंती तडकवते. उलट मुरमाड बरडावर पीक तग धरत नाही, पण पाया पक्का बसतो. जुन्या लोकांनी बहुतेक गावठाणे उंचवट्यावर, मुरमावर वसवली ती उगाच नाही.

म्हणजे गाव वाढवायचे तर बरडाकडे वाढवा, काळी सोडा. एवढे शहाणपण नकाशात उतरवायला काय लागते? जमिनीची प्रतवारी शास्त्राने आठ वर्गांत केलेली आहे. पहिले चार लागवडीचे, पुढचे चार गवताचे आणि झाडोऱ्याचे. मृद् सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून नागपुरातच आहे, अमरावती रोडवर. नगर नियोजनाची एम. टेक. देणारी व्हीएनआयटीही नागपुरातच, अंबाझरीजवळ. मातीचा नकाशा एकीकडे, रंगांचा नकाशा दुसरीकडे. हे दोन नकाशे एकावर एक ठेवून आपल्याला समजावून सांगणारा अधिकारी तुमच्यापैकी किती जणांना भेटला? हात वर करा.

कापूस त्यांच्याच पुस्तकात आहे

या पदवीच्या अभ्यासात कारखाने कुठे बसतात याचा एक सिद्धांत शिकवतात, आल्फ्रेड वेबरचा, १९०९ सालचा. ज्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते त्याचा कारखाना मालाजवळ बसतो. आता हिशेब करा. एक क्विंटल कापूस रेचला की साधारण ३४ किलो रुई निघते, राहिलेली जवळजवळ सगळी सरकी. म्हणून जिनिंग हिंगणघाटला, यवतमाळला, अकोटला बसले. पण रुईचे सूत होताना वजन फारसे घटत नाही. रुईची गाठ रेल्वेत टाकली की गिरणी कुठेही चालते, म्हणून सुताचा धंदा कोइम्बतूरकडे वाढू शकला.

'कापूस इथे आहे, म्हणजे कापडाचा कारखाना आपोआप येईल' असे भाषणात सांगणाऱ्याने हे पुस्तक वाचलेले नसते. योजनाकाराने तरी ते वाचून जिल्ह्याचा हिशेब मांडायला हवा: वीज काय दराने, पाणी किती, माल बाहेर नेण्याचा खर्च किती. आणि सरकी? वजनाचा दोनतृतीयांश भाग इथेच पडतो. तेलघाणी, ढेप, दुभती जनावरे, गुरांचा बाजार, असा साखळीचा आराखडा प्रादेशिक योजनेत शोधून पाहा. रिंगरोड सापडेल. पांदण रस्ता सापडणार नाही. ज्या पांदणीतून श्रावणात बैलगाडी निघत नाही आणि वेचणीचा कापूस डोक्यावर वाहावा लागतो, ती त्यांच्या नकाशाच्या प्रमाणात दिसतच नाही.

शहराचे औषध कोरडवाहूला

वर्गात आणखी एक गोष्ट आदर्श म्हणून शिकवतात. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-मैदाने काढायची, उरलेल्या जागेचे छोटे पण नेटके भूखंड मालकांना परत द्यायचे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासूनची ही पद्धत. शहराच्या कडेला ती चालते, कारण लहान झालेल्या भूखंडाचा भाव आधीच्या सगळ्या जमिनीपेक्षा वाढतो. पुण्याच्या मगरपट्ट्यात तर सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी स्वतःच कंपनी काढून आपल्या ४०० एकरांवर नगर वसवले आणि मालकी हातात ठेवली. त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे.

पण मगरपट्ट्याच्या वेशीवर पुणे उभे होते. बुलढाणा-वाशीमच्या माळावर कोण उभे आहे? समृद्धी महामार्गासाठी २०१६ साली हाच भूखंडाचा प्रस्ताव दहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांपुढे ठेवला गेला. जिथे शहर कधी येईल याची शाश्वती नाही तिथला भूखंड म्हणजे कागद, हे शेतकऱ्याने न शिकता ओळखले. विरोध झाला आणि २०१७ मध्ये सरकारला थेट खरेदीवर यावे लागले. ७०१ किलोमीटरचा रस्ता २०२५ मध्ये पुरा झाला. थ्यूनेनची वही शेतकऱ्याला समजली होती, एम. प्लॅन. झालेल्यांना तिचा विसर पडला होता.

'हिरवा पट्टा तुमच्याच भल्याचा'

आता त्यांची बाजू ऐकू, कारण तिच्यात तथ्य आहे. ते म्हणतात, हिरवा पट्टा नसता तर प्लॉटवाले सगळी काळी गिळून बसले असते. नाले बुजले असते. गुंठ्या-गुंठ्याने विकत शेतकरी भूमिहीन झाला असता. खरे आहे. तालुक्याच्या गावाभोवती बुजलेले नाले आपण रोज पाहतो. ज्याला वाटेल त्याने वाटेल तिथे बांधावे, अशी मागणी मी करणार नाही.

माझे दोन सवाल आहेत. सगळ्या जिल्ह्याला मोकळी हवा आणि धान्य मिळावे म्हणून माझी जमीन हिरवी ठेवता, तर त्याची किंमत एकट्या माझ्याकडून का वसूल करता? शेजारच्या पिवळ्या जमिनीला जी वाढ मिळाली तिच्यातला वाटा हिरव्याला का नाही? हॉवर्डने १८९८ सालीच तसे सांगितले होते.

आणि दुसरा. हिरवा रंग पक्का असेल तर सर्वांना पक्का हवा. शेतकऱ्याच्या नावावर सातबारा असेतोवर हिरवा, आणि खरेदीखत होऊन सहा महिन्यांत फेरबदलाचा प्रस्ताव, असा अनुभव ज्या गावांनी घेतला त्यांना 'पर्यावरण' शब्द ऐकवू नका. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर राखणदाराची पदवी काय कामाची?

कायदा आपल्या बाजूला उभा करा

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्याला नियोजन समिती दिली. तिचे किमान चारपंचमांश सभासद जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या लोकांतून. जमिनीचा वापर, पाण्याची वाटणी, रस्ते-वीज आणि निसर्गाची राखण यांचा गाव-शहर मिळून एकत्र आराखडा करणे, हे तिचे घटनेतले काम. प्रत्यक्षात ती निधीच्या वाटपाला बसते आणि चहा पिऊन उठते.

माणसे नाहीत, अशी सबब सांगतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने ती कबूल केली: देशाला १२,००० हून अधिक नियोजनकार हवेत, राज्यांच्या नगररचना खात्यांत मंजूर पदे ४,००० सुद्धा नाहीत, आणि त्यातलीही ४२ टक्के रिकामी. आमची शेतकी झालेली पोरे खताच्या कंपनीच्या एजन्सीसाठी चकरा मारतात. पदे रिकामी, पोरे रिकामी. हे जोडायचे कुणी?

म्हणून या मेळाव्यात मांडायच्या मागण्या अशा:

१. एम. प्लॅन. आणि नियोजनाच्या एम. टेक.ला शेतकी पदवीधरांना थेट प्रवेश हवा. त्यांच्यासाठी नकाशा-आरेखनाचे एक सत्र जोडावे.

२. या पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक खरीप, पेरणी ते वेचणी, कोरडवाहू गावात काढावा. हिवाळ्यात आठ दिवसांची सहल म्हणजे पाहणी नव्हे.

३. जिल्हा नियोजन समितीला स्वतःचा प्रादेशिक नियोजनकार आणि मृदातज्ज्ञ द्यावा.

४. प्रारूप प्रादेशिक योजना मराठीत, गट नंबरासह, मातीच्या नकाशावर ठेवून ग्रामसभेत वाचून दाखवावी. मगच हरकतींची मुदत सुरू व्हावी. १९६६ च्या मूळ कायद्याने प्रादेशिक योजनेवर हरकतींना किमान चार महिने दिले. ते चार महिने गावाला कळले तरच खरे.

५. हिरव्या पट्ट्यातून जमीन पिवळी झाली तर वाढलेल्या किमतीचा हिस्सा पट्ट्यात राहिलेल्यांच्या पांदणी, बांधबंदिस्ती आणि शेततळ्यांवर खर्च व्हावा.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हातातले काम थांबत नाही. प्रत्येक तालुक्याने आपल्या गावांचा नकाशा करावा: काळी कुठे, बरड कुठे, नाला कुठून वाहतो, कोणती पांदण अडली, जिनिंग आणि आठवडी बाजार किती कोसांवर. तलाठ्याकडून गावनकाशा घ्या, म्हाताऱ्यांना विचारा, पोरांच्या हातात पेन्सिल द्या. पुढच्या जिल्हा मेळाव्याला येताना भाकरीच्या फडक्यासोबत तो नकाशा बांधून आणा. आणि घरात शेतकीचा शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनाही सोबत आणा. पुढची रेघ त्यांच्या हातून ओढली गेली पाहिजे.